रिकाम्या ताटाच्या मैत्रिणी

२० सप्टेंबर २००७, गुरुवार. अकोला

आज अकोल्यात आलो आणि आल्या आल्या कामाला लागलो. शेंदूरजनाघाटहून पहाटेची एसटी, बडनेऱ्याहून गाडी, दुपारी तीनला स्टेशन. माय म्हणते मी कुठंच टिकत नाही. खरं आहे. वाडीतली संत्र्याची झाडं वाळली, बाबानं ती तोडून सरपणात काढली, आणि फळाच्या पेट्या ठोकायचं माझं कामही झाडांसोबत गेलं. मग सुरत, मग पुलगाव, मग धामणगावची कापसाची जिनिंग. सगळीकडून दोन-तीन महिन्यांत पळालो. इथून पळायचं नाही असं ठरवलं आहे, कारण इथं पंखा आहे.

दुकान म्हणजे नेट कॅफे. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. प्लायवूडच्या सहा केबिनी, प्रत्येकीला हिरवा पडदा. मालक नासिरभाई पन्नाशीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. रमजान आहे म्हणून ते स्वतः दिवसभर पाणीही पीत नाहीत, पण मला बसवून चहा पाजला. काम सोपं आहे. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, मशिनी पुसायच्या, लाइन गेली की इन्व्हर्टर चालू करायचा. लाइन दिवसातून दोनदा जातेच.

वहीतलं माझं अक्षर पाहून नासिरभाई म्हणाले की हे अक्षर आहे का कोंबडी नाचून गेली. मग एका बियाणे कंपनीची जुनी डायरी काढून दिली. कव्हरवर कापसाचं टपोरं बोंड आहे, आत सगळी पानं कोरी. रोज एक पान लिही, पुस्तकात असतं तसं लिही, महिन्यात हात बसेल, असं म्हणाले. म्हणून लिहीत आहे.

त्यांचा एकच नियम आहे. वाचणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

जेवणाची सोय झाली. गल्लीतच मैनाबाईची खानावळ आहे. भाकर मोठी थापते आणि पानात उरलं तर रागावते.

गिऱ्हाइकं ओळखीची होऊ लागली. परीक्षेचे निकाल पाहणारे, नोकरीचे फॉर्म भरणारे. रोज दुपारी दोनला एक मुलगी येते, आचल. वलगावची आहे, इथं खोली करून डी.एड. करते. नेहमी चार नंबरची केबिन घेते. इतका उकाडा असून अंगात स्वेटर. मी विचारलं नाही, पण नजर जाते.

आज मी वर्तमानपत्र वाचत होतो. माझं शिक्षण सातवी, ओठ हलवल्याशिवाय मला वाचताच येत नाही. ती जाता जाता थांबून म्हणाली, "काहून रे, वाचून राहिला का जप करून राहिला?" नासिरभाईसुद्धा हसले. मीही हसलो.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज लाइन गेली म्हणून आचल घाईत उठून गेली आणि इन्व्हर्टरवर तिचं पान उघडंच राहिलं. मी पुसायला गेलो होतो, पाठीमागे उभा राहिलो नव्हतो. मशिनीवर स्टीलच्या रिकाम्या ताटाचं चित्र होतं. वर नाव, ‘रिकामं ताट’. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मी एक एक अक्षर जुळवत तोंडानं वाचलं. खूप मुली आहेत, प्रत्येकीच्या नावापुढं एक छोटं ताट. एक लिहिते, आज मी नाही जेवले. बाकीच्या लिहितात, शाब्बास.

मला बरं वाटलं. उपवासवाल्या बायांचं मंडळच आहे हे, फक्त मशिनीवरचं. माझी माय आणि शेजारची सत्यवतीकाकू जोडीचा उपवास करायच्या. एकीनं धरला की दुसरीनं धरायचा, आणि सोडताना पहिला घास एकमेकींच्या हातानं. काकूचा पोरगा विहिरीत गेला तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं. माय तिच्या उंबऱ्यात जाऊन बसली, तू जेवशील तेव्हा मी जेवीन म्हणाली. तिसऱ्या दिवशी काकू उठली, भाकर केली, पहिला घास मायच्या तोंडात घातला आणि मायनं तिच्या.

संध्याकाळी आचल विसरलेली पिशवी न्यायला आली तेव्हा तिला हे सांगितलं, आणि एवढ्या लहान वयात एवढी भक्ती चांगली असंही म्हणालो. तिनं पिशवी खांद्याला लावली. मग विचारलं, काकू उठली नसती तर? मी म्हणालो, असं होतच नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

मला एक गोष्ट खटकत आहे. त्या पानावर देवाचं नाव कुठंच नाही. दुसरं म्हणजे उपवासाला सोडायचा दिवस असतो. एकादशीला द्वादशी असते, रोज्याला संध्याकाळ असते. या मुली धरतात तेवढं, सोडायचं कोणी लिहीतच नाही.

आणि त्यांच्यात एक ताई आहे. तिला नाव नाही, ताटच आहे, इतरांपेक्षा थोडं मोठं. कोणीही काही लिहिलं की श्वास घ्यायच्या आत तिचं उत्तर येतं. एका मुलीनं लिहिलं की माझा उपवास पक्का आहे. ताईनं लिहिलं, खोटं बोलू नको, मामाकडे शिरा खाल्लास. त्या मुलीनं पुढं दहा वेळा माफी मागितली होती. ताईला मामाचं घर कसं माहीत?

नियम मोडून वाचलं, हे इथं कबूल करतो.

आज आचल जिना उतरताना कठड्याला धरून खाली बसली. तिचं मनगट मी पहिल्यांदा पाहिलं. उठवायला धरलं तर नळाच्या बारीक पाइपासारखं हातात आलं. उपवासाचं मनगट असं नसतं.

६ ऑक्टोबर, शनिवार

नासिरभाईंना सगळं सांगितलं. ही पोर मरेल, हे पान बंद करा म्हणालो. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांनी आपल्या गावात वाचनालय काढलं होतं. एकच कपाट, सगळ्यांना खुलं. मग त्यांच्या समाजातले मोठे लोक आले, हे पुस्तक काढा, आमच्या मुली बिघडतात म्हणाले. काढलं. मग दुसऱ्या समाजाचे आले, त्यांचीही यादी होती. तेही काढलं. प्रत्येकाचं कारण चांगलंच होतं, कोणाच्या तरी भल्याचंच होतं. एक दिवस कपाटात फक्त रेल्वेचं वेळापत्रक उरलं.

"बेटा, मी एकदा कपाट रिकामं होताना पाह्यलं. मले पुन्हा नाही पाहायचं."

मी म्हणालो, पुस्तक कोणाला खात नाही. ते म्हणाले, यादी घेऊन येणारे म्हणायचे, की खाते. पण पोरीशी बोल, तिच्या घरी कळव, त्याला मी कधी नाही म्हटलं, असंही म्हणाले.

त्यांच्यावर माझा संशय बसला आहे. त्यांच्या टेबलावरच्या मशिनीतून सगळ्या केबिनी दिसतात असं म्हणतात. ताईचं उत्तर इतक्या लवकर येतं ते कुठून?

९ ऑक्टोबर, मंगळवार

ते नमाजाला गेले तेव्हा पाहिलं. त्यांच्या मशिनीवर पत्त्यांचा डाव होता, बाकी काही नाही. मशीन बंद केलं. चार नंबरवर आचल होती. तिच्या पानावर ताईची उत्तरं तरी येतच होती.

आज मी आचलशी सरळ बोललो. वलगावला चिठ्ठी टाकतो म्हणालो. ती भांडली नाही, हळूच बोलली.

"घरी मी बोलली तर मायच्या डोळ्याले पाणी येते. इथं कोणाच्याच येत नाही. तू हे बी बंद कर, मंग मी कोठी बोलू?"

चिठ्ठी मात्र टाकली.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना

रोजे संपायचे आहेत, नवरात्र बसलं आहे. सगळा गाव उपाशी. या दिवसांत कोण का जेवत नाही हे कोणी कोणाला विचारत नाही.

मी मायचा उपाय केला. आचल आली तेव्हा तिच्याच केबिनीत तिच्यासमोर उभा राहिलो आणि एका बोटानं त्या पानावर लिहिलं. मी बंडू. आचलची जोडी. ती जेवेल तेव्हा मी जेवीन.

वाटलं होतं ती घाबरेल, चिडेल, उठून भाकर खाईल. तिनं ते वाचलं आणि किती दिवसांनी हसली. माझ्या नावापुढं ताट आलं. खाली मुलींचे शाब्बास, शाब्बास, ओळीनं वीस-पंचवीस. सगळ्यांत वर ताईचा एकच शब्द होता. ये.

मैनाबाईला सांगितलं, नऊ दिवसांचं आहे माझं. ती पाया पडली.

१४ ऑक्टोबर, रविवार. ईद

नासिरभाईंनी घरून वाटी आणली. नसीमबानो भाभींनी माझ्यासाठी वेगळा काढलेला शीरखुर्मा. मी नवरात्राचं कारण सांगितलं. त्यांनी वाटी तशीच टेबलावर ठेवली, झाकलीही नाही. दिवसभर मला वास येत होता. वाईट म्हणजे भूक लागत नव्हती. नुसता वास येत होता, दुसऱ्याच्या घरातून यावा तसा.

आचल काल आली नाही, आजही नाही. पण पानावर तिचं लिहिणं आहे. मी मजेत आहे. माझी जोडी पक्की आहे.

१५ ऑक्टोबर, सोमवार

आज माझ्या नावापुढं एक ओळ होती. मी लिहिलेली नाही.

‘इथून पळायचं नाही असं ठरवलं आहे, कारण इथं पंखा आहे.’

ही ओळ या डायरीत आहे, पहिल्याच पानावर. मी कोणाला बोललो नाही, कोणाला दाखवली नाही. डायरी माझ्या पेटीत असते, किल्ली करदोड्याला.

नासिरभाईंनीच डायरी दिली होती. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असेल का? विचारलं तर ते म्हणाले की तुझा चेहरा पांढरा पडला आहे, आधी जेव. विषय का बदलला?

आजपासून डायरी शर्टाच्या आत, पोटाशी बांधून ठेवतो. जागा भरपूर झाली आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रंदिवस अंगाला बांधलेली होती. तरी आज पानावर —

‘जागा भरपूर झाली आहे.’

खाली ताई. शाब्बास बंडू.

जिना चढताना दोनदा बसलो. मैनाबाईनं भगर दिली, घास उचलला आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. वाचताना हलतात तसे. समोर वाचायला काही नव्हतं. ओठ काय म्हणून राहिले होते ते माझं मलाच ऐकू आलं — नको, नको, नको. इतके दिवस ते पान मी तोंडानं वाचलं. एक एक अक्षर तोंडात घेतलं. आता तिथं दुसरं काही शिरत नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आचलचा बाप आला होता. पुंजाराम. धोतराला दवाखान्याचा वास. माझी चिठ्ठी मिळाली म्हणून तेरा तारखेला सकाळी येऊन तिला घेऊन गेला, ती खोलीत पडलेली होती. अमरावतीच्या दवाखान्यात आहे. गुंगीत एकच विचारते, माझी जोडी जेवली का? बंडू कोण ते पाहायला आला होता. मला मारेल वाटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हा बी तसाच.

नासिरभाईंनी सगळं ऐकलं. मग स्वतः उठून ते पान बंद केलं, काय काय दाबलं. म्हणाले, आता या दुकानात नाही उघडणार. मग भिंतीकडं तोंड करून बसले. मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला.

चारला लाइन गेली. इन्व्हर्टर आधीच बंद पडला होता. सगळ्या मशिनी काळ्या. चार नंबरचा पडदा हिरवा दिसून राहिला होता. आतून उजेड —

त्या मशिनीची वायर हातात घेऊन पाह्यली. काढलेली होती.

ताट. आणि त्याखाली आचलचं नाव. आज दुपारचं लिहिणं. मी मजेत आहे.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. अमरावती

नासिरभाईंनी गाडीत बसवून दिलं. दवाखान्यात रुख्मिणीबाई, आचलची माय, उशाशी होती. मी विचारलं, आचल फोनवरून, कोणाकडून काही लिहून राहिली का? ती बाई म्हणाली, तेरा तारखेपासून पोरीच्या दोन्ही हाताले सलाईन आहे, बोट उचलत नाही.

आचलले सांगितलं. त्या पानावर तुझ्या नावानं रोज लिहिणं येते. काल बी आलं.

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "ते मी नाही लिहून राहिली."

एवढंच. पण अशी भ्यालेली मी तिले कधी पाह्यली नव्हती. मरायले नव्हती भ्याली ती.

त्या पानावर चारशेच्या वर ताटं आहेत. सगळ्या रोज लिहितात. त्या पोरी कोठी आहेत मंग? त्यातल्या किती जणी —

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पडून आहो. इथं मशीन नाही. बरं आहे.

आचल आज बोलली. म्हणे तिथंच तर मले बोलता येत होतं, आणि ते बोलणंच ताईनं घेतलं. मी नसली तरी तिचं काम चालते. मले माझ्या तोंडानं बोलायचं आहे, वाईट असलं तरी. पण घास पाहिला की तोंड मिटते. डॉक्टर म्हणतात सलाईनवर असं किती दिवस चालवणार. पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर —

म्हणाली, तुह्या मायसारखं करू. परवा दसरा आहे. पहिला घास एकमेकाच्या हातानं.

हो म्हटलं.

२० ऑक्टोबर, शनिवार

आज काही खाल्लं नाही. छान वाटलं. उद्याही खाणार नाही. आचलही खाणार नाही.

हे वरचं मी लिवलं नाही. डायरी उघडली तर होतं. तारखेसकट. माझंच अक्षर. कोंबडीचं —

पान फाडलं नाही. फाडलं तर पुढच्या पानावर येईल.

एक समजलं. लिवलं होतं तवा पेन खिशात होता, मी झोपलो होतो. माझ्या हातात पेन असला, मी जागा असलो, तर ताई लिवू शकत नाही. म्हणून उद्या लिवतच राहाचं. एका हातानं घास, एका हातानं —

२१ ऑक्टोबर, रविवार. दसरा

दुपारचे बारा. रुख्मिणीबाईनं घरून भाकर आणली, वरणात कुस्करली. ताट भरलेलं आहे. भरलेलं ताट. पुंजाराम दाराशी उभा. नासिरभाई बी आले अकोल्याहून, खाली मान घालून बसले आहेत. आचलले उशीला टेकवून बसवलं. उजव्या हातात पेन आहे माझ्या. डाव्या हातानं भरवलं तर चालते का विचारलं. आचल म्हणे, चालते रे. हसली.

पहिला घास मी देतो.

डाव्या हातात घेतला. लहानच आहे. तिच्या तोंडापाशी नेला. तिचे ओठ मिटलेले. रुख्मिणीबाई श्वास घेत नाही. मी लिवून राहिलो, मी लिवून राहिलो, हे मीच लिवून राहिलो.

उघडलं.

चावते. डोळे मिटून चावते. थांबली — नाही, चावते. गिळलं. आचलनं गिळलं. तिची माय रडून राहिली. आचल तिले म्हणाली, रड. म्हणाली मले चालते.

सुटली ती.

आता तिनं घास केला माझ्यासाठी. सलाईनची नळी तिच्या हाताले लटकते. तोंडापाशी आणला. जेव बंडू म्हणते. सोपं आहे. तोंड उघडायचं. ओठ हलून राहिले माझे. थांबवून राहिलो. आचल म्हणते वर पाह्य, पेन ठेव आता. ठेवतो. ठेवलाच समज. हात उघडून राहिलो, बोटं सुटत नाहीत. जेव म्हणते. उघडतो, हे पाहा आता उघड— नको.

हे नको मी लिवलं नाही. पेन माझ्याच हातात आहे, मी जागा आहो, आचल समोर आहे, घास ओठाले लागला आहे, नको. नको. मी मजेत आहे. हे बी मी नाही, आचल, पेन ओढ माझ्या हातातून, हा घास मले पाहिजे, मले पाहि